आश्रुबाचं दबकं

"ह्या मान्साला आदी कुनीतरी पानी पाजा, मंग काय वाजवायचं ते वाजवू द्या."

आश्रुबा हे बोलला तेव्हा तो माणूस मरून सत्तर वर्षं होत आली होती, आणि तरीही तो स्टीलच्या एका पेल्यात बसून वाजवत होता. पेला वत्सलाबाईचा. अजिनाथनं त्यात मोबाइल उभा केला होता, कारण पेल्यात ठेवला की आवाज जरा फुगतो. माघातली सकाळ होती. नांदूरघाटच्या कडेला आश्रुबाच्या पत्र्याच्या घरापुढं ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं, आणि पोतं फाटल्यावर हरभरे सांडावेत तसे सॅक्सोफोनचे सूर पेल्यातून सांडत होते. एकावर एक. मधेच थांब म्हणायची सोय नाही.

आश्रुबानं मात्र शेवटपर्यंत ऐकलं. कुणी वाजवत असताना मधूनच उठायचं नाही, हा त्याचा जन्माचा रिवाज. शेळीच्या गळ्यात अडकलेली दोरी सोडवता सोडवता त्याचे हात थांबले होते आणि मान एका अंगाला कलली होती. संपल्यावर त्यानं ते पाण्याचं वाक्य टाकलं आणि पुन्हा दोरीकडं वळला.

"पानी कशाला?" तुरीच्या शेंगा सोलत बसलेली वत्सलाबाई म्हणाली. "त्याच्या मागं कुत्रं लागलंय. आदी कुत्रं हाकला."

नवरा-बायको दोघं हसली. अजिनाथ हसला नाही.

"नाना, चार्ली पार्कर हाय त्यो," तो म्हणाला. "त्याच्यासारका सॅक्सोफोन जगात कुनी वाजिवला न्हाई म्हनत्यात."

"आसंल की. म्या कुटं न्हाई म्हनलं? तान लागली आसंल म्हनलं."

अजिनाथनं पेल्यातून मोबाइल काढला. नाना ऐकेल, आणि ऐकून सांगेल की पोरा, हे असं धर, इथून सुरू कर, एवढ्या आशेनं तो आला होता. नानाला सॅक्सोफोनातलं कळतं, मग हेही कळेल. ती आशा पेल्याच्या तळाशी राहिली.

अजिनाथला तेव्हा विसावं लागलं होतं. बजरंगच्या 'नवरंग ब्रास बँड'मध्ये तो सॅक्सोफोन वाजवत होता, पण तो सॅक्सोफोन त्याचा नव्हता. बँडचा होता, म्हणजे बजरंगचा, आणि गेल्या पावसाळ्यापर्यंत तो आश्रुबाच्या गळ्यात होता. दसरा झाला तसे अजिनाथचे आई-बाप टोळीबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर गेले. जाताना बापानं ट्रॉलीवरून वाकून सांगितलं होतं, "वाजिवतोस तर वाजीव. बाजा हातचा गेला की मातर गपगुमान कोयता धरायला यायचं." बापाच्या बोलण्यात राग नव्हता. ऊन पडेल, थंडी पडेल, तसं ते बोलणं होतं.

आश्रुबाची गोष्ट बत्तीपासून सुरू होते. लहानपणी तो वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालायचा. डोक्यावर बत्ती असली की सगळ्या गावाला उजेड मिळतो. आपले पाय तेवढे आपल्याला दिसत नाहीत. दिसत नाही म्हणून पोरगं कानानं चालायला शिकलं. बीडहून एक बँड यायचा, त्यात क्लॅरिनेट वाजवणारे एक म्हातारे होते, त्यांना सगळे चाचा म्हणत. आश्रुबा जमेल तेव्हा चाचांच्या मागं उभा राहायचा. कुणी हाकललं तर दोन पावलं सरकायचा आणि पुन्हा तिथंच यायचा.

त्यानंही ऊस तोडला. वत्सलाबाई लग्न होऊन आली तीच मुळी कोपीत, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीत, कारखान्याच्या माळावर. ती मोळ्या बांधायची, तो तोडायचा, आणि तोडताना तोंडानं चाली वाजवायचा. "बाकीच्या बायांच्या नवऱ्यांला दारूचं याड," वत्सलाबाई सांगते. "माझ्या नवऱ्याला शिट्टीचं. म्या म्हनलं, बरं हाय, शिट्टी फुकट असती."

मग चाचांचे पुढचे दात पडले. फुंकीच्या वाद्यावरल्या माणसाचं सगळं दुकान पुढच्या दातांवर असतं, ते पडले की शटर खाली. चाचांनी क्लॅरिनेट आश्रुबाच्या हातात दिलं आणि म्हणाले, "ले बेटा, तेरे दाँत अभी हैं." एवढंच शिक्षण. पुढं बजरंगच्या बापानं बँड काढला, सॅक्सोफोन आणला, तो आश्रुबाच्या गळ्यात आला आणि तिथंच राहिला. केज, गेवराई, आष्टी, पाटोदा, सगळीकडच्या लग्नांत त्याचा सूर वाजून गेला. त्याच्या वाजवण्यावर नाचलेल्या पोरांची पोरं त्याच्या वाजवण्यावर नाचली. कुणाला त्याचं नाव माहीत नव्हतं. नवरंगचा सॅक्सोवाला, एवढीच ओळख.

त्याची म्हणावी अशी एकच गोष्ट बँडमध्ये होती, आणि तिला कुणी मोजत नव्हतं.

लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो, त्याला त्या भागात परण्या म्हणतात. नवरंगची शिस्त अशी की परण्या एकदा निघाला म्हणजे मारुतीच्या पारापर्यंत वाजणं तुटू द्यायचं नाही. मुका परण्या चांगला नाही. पण वाटेत सुतकाचं घर लागलं तर? ज्या घरातलं माणूस गेल्याला तेरा दिवस झाले नाहीत, त्याच्या दारापुढं ढोल बडवायचा तरी कसा? दुसरे बँड वाट बदलतात, नाहीतर मान खाली घालून गुपचूप निघून जातात. नवरंगमध्ये बजरंगच्या बापापासून एक रीत चालत आली होती. असं घर आलं की ढोल-ताशे बंद व्हायचे, काड्या काखेत जायच्या, गाडीवरच्या भोंग्यांचं बटण बंद व्हायचं. सॅक्सोफोन तेवढा एकटा चालू राहायचा. दारातल्या माणसाला टोचू नये आणि नवरदेवाचा सूरही तुटू नये, इतकं हळू वाजवत तो ते घर ओलांडायचा. याला बँडवाले दबकं म्हणत.

दबक्यावर कुणी नाचत नाही. नोटा ओवाळत नाही. आश्रुबा दबक्याला जात्यावरच्या ओवीची एक चाल घ्यायचा, तीही अर्धीमुर्धी. त्यात सुरापेक्षा वाराच जास्त असायचा. दोन-तीन वर्षं अजिनाथ त्याच्या मागं राहून शिकला, पण दबकं आलं की तो पाणी प्यायचा, नाहीतर मोबाइल बघायचा. ते शिकायचं असतं असं त्याला वाटलं नाही, आणि शिकवायचं असतं असं आश्रुबालाही वाटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आश्रुबाला खोकला धरला. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरून बघितला आणि सांगितलं, बाबा, आता फुंकायचं बंद. आश्रुबानं का, कधीपर्यंत, काही विचारलं नाही. घरी आला, अजिनाथला बोलावलं आणि वासराच्या गळ्यात घंटी बांधावी तसा सॅक्सोफोनचा पट्टा त्याच्या गळ्यात घातला. तोंडात धरायचा आपला माउथपीस मात्र त्यानं काढून घेतला आणि तिथं दुसरा बसवला. इतक्या वर्षांत त्यावर त्याच्या दातांचे दोन खड्डे पडले होते. तो सदऱ्याच्या खिशात राहू लागला. चंची असावी तसा.

मार्गशीर्षात गावातल्या एका पोराचं लग्न पुण्याच्या हॉटेलात झालं आणि नवरंगला तिकडं बोलावलं. वाजवून झाल्यावर अजिनाथ तुऱ्याची टोपी काखेत मारून पाणी शोधत खालच्या दालनात गेला. तिथं काळ्या कोटातला एक माणूस सॅक्सोफोन वाजवत होता. एकटा. लोक बाजूला बसून सूप पीत होते, कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. अजिनाथ टोपीसकट खांबाला टेकून उभा राहिला. तोच सॅक्सोफोन, तीच बटणं, आणि आवाज मात्र असा की कुणीतरी शेजारच्या खोलीत आपल्याविषयी बोलतंय.

त्या माणसानं वाजवणं थांबवलं, तसं त्यानं धीर करून विचारलं, "साहेब, हे काय हाय?"

"जॅझ," तो म्हणाला. त्यानं तुऱ्याची टोपी बघितली. "तू पण वाजवतोस? मग ऐकत जा."

"कुठून सुरू करू?"

"कुठूनही कर," तो हसून म्हणाला आणि लिफ्टमध्ये गेला. दार मिटलं.

कुठूनही. विहिरीत कुठूनही उतर म्हणावं, तसं ते होतं. अजिनाथनं मग आपल्याला ठाऊक असलेल्या मापानं सुरुवात केली. बँडमध्ये चांगला वाजवणारा कोण? जो दम न घेता वाजवतो, जो भोंग्यांच्या वरताण वाजवतो, ज्याचा हात दिसत नाही तो. म्हणून त्यानं सगळ्यात जलद कोण ते शोधलं, आणि त्याला पार्कर सापडला. रोज ज्वारीच्या कडेला बसून तो कानात तारा घालून ऐकायचा. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. तिच्या पानांची सळसळ आणि कानातले सूर एक व्हायचे. पहिल्यांदा भीती वाटली. मग भूक वाटली. मग लाज. ऐकून झाल्यावर आपला सॅक्सोफोन तोंडाला लावला की त्याला वाटायचं, आपण पत्र्यावर दगड ओढतोय. तरी तो पार्करच्या त्या धावत्या जागा बोटांत भरून घ्यायचा, अर्ध्या कळलेल्या, पाव कळलेल्या. त्याचा ओठ आतून सोलला. पेल्यातून नानाला ऐकवायला गेला तो याच दिवसांत.

त्यानंतर आष्टीचं लग्न आलं.

परण्या रंगात होता. नवरदेवाचे मित्र रुमाल फिरवत नाचत होते, घोडी ठेक्यावर मान हलवत चालली होती, आणि अजिनाथला वाटलं, आता. चालू गाण्याच्या दोन ओळींच्या मधे त्यानं ती धावती जागा घुसवली. मग आणखी एक. मग गाणंच सोडलं आणि नुसता धावत सुटला. ढोलवाला उत्तरेश्वर त्याला गाठायला गेला, ताशेवाल्यानं नाद सोडला, भोंग्यांतून किंचाळी फुटली. नाचणारे एकेक करून थांबले, कुणाचा पाय कुठं पडायचा ते कुणालाच कळेना. घोडी थांबली. वीस लग्नं बघितलेली घोडी, फटाक्याला न बुजणारी, ती चारही पाय रोवून उभी राहिली आणि मान वळवून अजिनाथकडं बघू लागली.

"आरं बे," नवरदेवाचा मामा ओरडला, "लग्नाला आलायस का बोकड कापायला?"

सगळी वरात हसली. नवरदेवही हसला. अजिनाथनं उरलेला रस्ता कसा वाजवला ते त्याला आठवत नाही.

परत येताना टेम्पोत बजरंग त्याच्या समोरच बसला. बजरंग माणूस वाईट नव्हता. बापाचा बँड त्यानं डीजेच्या काळात जिवंत ठेवला होता, आणि जिवंत ठेवणारा माणूस जसा असतो तसा होता, थोडा सावध, थोडा कडू.

"काय हुतं ते?" त्यानं विचारलं.

"जॅझ."

"कुनाचं हाय?"

"अमेरिकेतलं."

"मंग अमेरिकेतल्या लग्नात वाजीव बे. हितं घोडी थांबली माझी." बजरंगनं खिडकीबाहेर बघितलं. मग बोलला ते हळू बोलला. "पुढल्या हप्त्यात चकलांब्याचं लग्न हाय. आश्रुबाला संगं घेतो. तू वाजवायचं, शिस्तीत. जर का परत तसलं काई निगालं, तर तिथंच, रस्त्यात, बाजा त्याच्या गळ्यात घालनार. आन् मंग त्यो तुला न्हाई."

"नानाला फुकायला बंदी हाय, मालक."

"मला ठावं न्हाई व्हय? म्हनूनच सांगतो."

अजिनाथ त्या रात्री जेवला नाही. सकाळीच आश्रुबाच्या अंगणात गेला.

"नाना, मला कायबी करून सांगा. कुठून ऐकू म्या ते?"

"मला काय ठावं," आश्रुबा म्हणाला. "मी बत्तीखाली शिकलेला मानूस. सोड ते. ते आपलं न्हाई."

"आपलं काय हाय मंग? घोडी?"

"घोडीला काऊन नावं ठिवतो? घोडीला ठेका कळतो. तुला कळंना."

वत्सलाबाई मधे पडली. "आवं, पोराचा जीव चाललाय आन् तुमी घोडीचं कवतिक कराय लागले."

"मी न्हाई तर कोन करनार?" आश्रुबा म्हणाला, आणि त्याला खोकला आला. तो बराच वेळ खोकत राहिला. अजिनाथ उभा होता. त्याला राग आला होता, आणि ज्याच्यावर राग काढायचा तो माणूस गुडघ्यांत डोकं घालून खोकत होता. तो तसाच निघून गेला. त्या आठवड्यात त्यानं पार्कर ऐकला नाही. काहीच ऐकलं नाही. कोयत्याची मूठ कशी धरतात ते त्याला लहानपणापासून माहीत होतं, आणि रात्री झोपेत त्याची बोटं सॅक्सोफोनची बटणं सोडून ती मूठ धरायची.

चकलांब्यात परण्या निघाला तेव्हा ऊन कललं होतं. आश्रुबा गाडीच्या बाजूनं चालत होता, डोक्याला टापशी बांधलेली, एक हात सदऱ्याच्या खिशात, माउथपीसवर. अजिनाथला तो हात दिसत होता. तो शिस्तीत वाजवत होता, इतका शिस्तीत की सूर लाकडी झाले होते. पोरं नाचत होती, पण उपकार केल्यासारखी. बजरंग पुढून मागं, मागून पुढं करत होता.

मारुती दोन गल्ल्यांवर राहिला तेव्हा पुढं गेलेला एक जण मागं आला आणि बजरंगच्या कानाला लागला. त्या वळणावर चंद्रभागाबाईचं घर होतं. तिचा नवरा जाऊन नववा दिवस होता. वाट दुसरी नव्हती.

बजरंगनं हात वर केला. ढोल थांबले, काड्या काखेत गेल्या, भोंगे मुके झाले. नवरदेवाच्या मित्रांनी रुमाल खाली घेतले. बजरंगनं आश्रुबाकडं बघितलं आणि अजिनाथच्या गळ्यातल्या पट्ट्याकडं बोट केलं. आश्रुबानं बाजा सोडल्यापासून वाटेत असं घर लागलं नव्हतं, आणि दबकं आश्रुबाचं. त्यात विचारायचं काही नव्हतं.

आश्रुबानं खिशातून माउथपीस काढला, आणि गल्लीतल्या धुरळ्यानं त्याला गाठलं. खोकला वर आला. सुतकाच्या घरापुढं आवाज नको म्हणून त्यानं टापशी सोडून तोंडात कोंबली आणि भिंतीला हात टेकून वाकला. त्याची पाठ हलत होती. आवाज येत नव्हता.

परण्या चालतच होता. घोडीनं पुढचं पाऊल टाकलं होतं, घर वीसेक पावलांवर होतं, आणि वाजणं तुटत होतं.

अजिनाथनं सॅक्सोफोन तोंडाला लावला. काय वाजवायचं ते त्याला कळत नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की नाना इथं ओवी घेतो, आणि ती ओवी वत्सलामावशी तुरी सोलताना गुणगुणते. तेवढा धागा धरून त्यानं फुंकलं. सोललेला ओठ जोर लावू देईना, म्हणून हळूच फुंकलं. पहिल्यांदा नुसता वारा आला. मग वाऱ्याच्या मागून सूर आला, जरा उशिरा, झोपेतून उठल्यासारखा. त्यानं तो सूर तसाच ठेवला. दुसरा लगेच घेतला नाही, कारण घेता आला नाही. दम घ्यावा लागला. आणि तो दम घेताना त्याला पहिल्यांदा ऐकू आलं. ढोल नाही, भोंगे नाहीत. घोडीची टाप, कुणाच्या तरी चपलेचा आवाज, आणि आपण थांबलो त्या जागेत उरलेला आपलाच सूर. इतक्या दिवसांत त्यानं स्वतःच्या सॅक्सोफोनाचा आवाज कधी ऐकला नव्हता. ऐकायची वेळच आली नव्हती.

दुसरा सूर त्यानं त्या उरलेल्या सुराच्या कडेला ठेवला.

चंद्रभागाबाई दार लावायला आली होती. वाजंत्री येतंय म्हणून दार लावून घ्यायचं, हे तिनं धरूनच ठेवलं असणार. दाराची एक फळी अर्धी लावून तिचा हात थांबला. ती तशीच उभी राहिली, पदर तोंडाशी धरून. परण्या गेला, घोडी गेली, गाडी गेली. वळणावरून अजिनाथनं मागं बघितलं तेव्हा दार अर्धं उघडंच होतं.

वळण संपलं आणि ढोल उसळले. अजिनाथनं चालू गाणं उचललं, तेच, हजारदा वाजवलेलं. पण आता तो ओळ संपली की थांबत होता. एवढंसंच. त्या थांबण्यात उत्तरेश्वरचा ढोल येऊन बसत होता, आणि ढोलावर पोरांचे पाय. मारुतीच्या पारापुढं अशी धूळ उडाली की नवरदेवाला घोडीवरून ओढून काढून नाचवलं.

"आज दम घ्यायला शिकलास व्हय रं?" उत्तरेश्वर घाम पुसत ओरडला. "माझा हात मोडायचा वाचला!"

टेम्पोत चढताना बजरंगनं अजिनाथच्या पाठीवर थाप मारली, आणि सॅक्सोफोनची पेटी त्याच्याच मांडीवर ठेवली.

टेम्पोत सगळे पेंगत होते. आश्रुबा कोपऱ्यात डोळे मिटून बसला होता, श्वास आता सरळ चालत होता. अजिनाथनं मोबाइल काढला. त्या दिवशी त्यानं जलद कोण ते शोधलं नाही. सगळ्यात हळू कोण, ते शोधलं. दोन-तीन जण ऐकून सोडले. मग बेन वेबस्टर नावाचा एक माणूस निघाला. तो वाजवायला लागला आणि अजिनाथ ताठ बसला. पहिल्यांदा वारा. मग वाऱ्याच्या मागून सूर. आणि सूर संपला तरी वारा चालूच, जणू माणूस बोलून झाल्यावरही दारातच उभा आहे. हे दबकं होतं. कुण्या दूरच्या देशात, कुणाच्या तरी दारावरून, कुणीतरी दबकं वाजवत चाललं होतं.

गेवराईचे दिवे मागं पडले तरी तो ऐकत होता. पुढं कधीतरी त्यानं पार्कर पुन्हा लावून बघितला. तेव्हा त्या धावपळीतही त्याला थांबे सापडले, बारीक, सुईच्या भोकाएवढे. पार्करही दम घेत होता. फक्त तिथपर्यंत पोचायला हळू वाटेनं यावं लागत होतं. पण ती नंतरची गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँडच्या खोलीत बजरंग भोंग्यांची धूळ पुसत होता. आश्रुबा आला आणि नेहमीसारखा उलट्या ढोलावर बसला.

"परवा केजला लग्न हाय," बजरंग अजिनाथला म्हणाला, पाठ फिरवूनच. "टायमावर ये. आन् नवी पत्ती घे पेटीतली, जुनी चिरली तुझी."

एवढंच. अजिनाथनं पेटी उघडली, माउथपीसवर बसवायची वेताची पत्ती घेतली, पेटी मिटली, पुन्हा उघडली. सॅक्सोफोन खुंटीला होता. खुंटी त्याची होती. बापाला फोन करून सांगावं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग आलं की बाप आता उसात असेल, संध्याकाळी करू.

"नाना," तो म्हणाला, "येक ऐकायचं हाय."

"परत त्यो तानेला?"

"दुसरा हाय. ऐका तर."

आश्रुबानं तारा हातात घेऊन उलटसुलट बघितल्या. कानात तारा त्यानं कधी घातल्या नव्हत्या. गाणं म्हणजे सगळ्यांच्या कानांसाठी, एकट्याच्या कानात गाणं घालायचं म्हणजे चोरून खाल्ल्यासारखं, असं तो म्हणायचा. अजिनाथनं त्याच्या दोन्ही कानांत त्या बसवल्या आणि बेन वेबस्टर लावला.

आश्रुबाची मान एका अंगाला कलली. बजरंगचं फडकं थांबलं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली, ते आश्रुबाला ऐकू आलं नाही. त्याचे ओठ किंचित आत वळले, सॅक्सोफोन धरताना वळतात तसे, आणि छाती हळूहळू वर आली, थांबली, आणि तितक्याच हळू खाली गेली. खोकला आला नाही. तो वाजवणाऱ्याच्या श्वासाला श्वास लावून बसला होता. बराच वेळ.

"काय वो नाना," अजिनाथनं वाकून विचारलं, "ह्याला पानी पाजायचं का?"

आश्रुबानं त्याच्याकडं बघितलं. कदाचित त्याला ऐकू गेलंच नसेल. गाणं संपलं असावं आणि दुसरं लागलं असावं, कारण त्याची मान दुसऱ्या अंगाला कलली. तो ढोलावरून उठला. अजिनाथच्या हातून मोबाइल घेतला आणि तो ठेवायला सदऱ्याच्या खिशात हात घातला, तर तिथं माउथपीस होता. त्यानं तो काढून ढोलावर ठेवला, रिकाम्या झालेल्या खिशात अजिनाथचा मोबाइल सरकवला, तारा नीट केल्या, आणि उंबऱ्यावरून पाय उचलून उन्हात निघून गेला.